सनीव्हेलची हिरवळ

हवेला नाव ठेवायला जागा नाही अशी गावे पृथ्वीच्या पाठीवर थोडीच. कॅलिफोर्नियातले सनीव्हेल हे त्यांपैकी एक. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या दक्षिण टोकाशी, सांता क्लारा नावाच्या खोऱ्यात ते वसले आहे. भर उन्हाळ्यात दुपारचा पारा बहुधा सत्तावीस अंशांच्या आसपास थबकतो. संध्याकाळी उपसागरावरून वारा सुटतो आणि रात्री पांघरूण ओढून घ्यावे लागते. हिवाळ्यात एखाद्या पहाटे गवतावर दहिवर गोठलेले दिसते, एवढीच काय ती थंडीची मजल. अशा हवेत राहणाऱ्या माणसाला एक खोड जडते. इथे सगळे आपोआपच चालते, असे त्याला वाटू लागते.

२०२४च्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा हातावेगळा करून, मी धाकट्या बहिणीकडे तिकडे गेले. विमानतळावरून घरी जाताना दोन गोष्टी एकदम डोळ्यांत भरल्या. दूरचे डोंगर वाळक्या गवताने पिवळे पडलेले, अगदी आपल्या मार्च-एप्रिलातल्या सासवडच्या वाटेवरच्या डोंगरांसारखे. आणि घरोघरची अंगणे मात्र पोपटासारखी हिरवी! डोंगर एका देशातले आणि अंगणे दुसऱ्याच देशातली, असा तो देखावा होता.

आणि खरोखरच तसे आहे. या खोऱ्यात वर्षाकाठी पाऊस पडतो सुमारे १५ इंच, म्हणजे पुण्याच्या जेमतेम निम्मा. तोही नोव्हेंबर ते एप्रिल एवढ्याच काळात. मे महिना लागला की आभाळ जे कोरडे होते ते दिवाळीपर्यंत. आपला पावसाळा तो त्यांचा उन्हाळा. डोंगर हा हिशेब जाणतात, म्हणून ते हिवाळ्यात हिरवे होतात आणि उन्हाळ्यात निमूटपणे वाळतात. लॉन मात्र मूळची इंग्लंडची. लंडनला वर्षाचा पाऊस पुण्याहून कमीच पडतो, पण तो बाराही महिने थोडा थोडा वाटून पडतो. तिथे हिरवळ राखायला कात्री लागते, झारी लागत नाही. ती हिरवळ माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेली, तिचा पाऊस मात्र मागेच राहिला. तो नळाने आणावा लागला.

बहिणीच्या घरापुढे अशीच पाचशे चौरस फुटांची हिरवळ आहे, आणि मी गेले तेव्हा तिच्यावरून घरात शीतयुद्ध चालू होते. मेहुण्यांचे म्हणणे, ही उपटून टाकावी. पाण्याचे बिल दर खेपेला चढत होते आणि एवढे करून कडेचा एक पट्टा वाळलेला तो वाळलेलाच होता. शिवाय हिरवळ काढून कमी पाण्याची झाडे लावणाऱ्यांना तिथला पाणीपुरवठा विभाग पैसे देतो.

“ताई, तुम्हीच सांगा हिला,” ते मला म्हणाले. “गवतासाठी पैसे भरायचे की गवत काढून पैसे घ्यायचे?”

बहीण काही बोलली नाही. रात्री भांडी आवरताना म्हणाली, “ताई, सदाशिव पेठेतल्या आपल्या वाड्यात हाताएवढीसुद्धा माती नव्हती. गणपतीच्या दूर्वा मंडईतून विकत आणायचो. ही बाळ असताना पहिले पाऊल त्या गवतावर टाकलं तिनं. ते मी कसं उपटू?”

यावर कोणत्या विद्यापीठातली एम. ए. झालेली बाई काय उत्तर देणार? हिरवळ म्हणजे केवळ गवत असते तर भांडण एका दिवसात मिटले असते.

मार्ग निघाला तो शेजारच्या आजोबांमुळे. ऐंशी उलटून गेलेले हे गृहस्थ त्याच खोऱ्यात जन्मले आणि वाढले. त्यांच्या वडिलांची जर्दाळूची बाग होती. आज संगणकाच्या चकत्यांवरून ज्याला सिलिकॉन व्हॅली म्हणतात, ते खोरे एके काळी जर्दाळू, चेरी आणि आलुबुखार यांच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. वसंतात सगळे खोरे फुलांनी पांढरे होई. त्या बागांची आठवण म्हणून सनीव्हेलच्या नगरपालिकेने जर्दाळूची एक बाग अजून राखून ठेवली आहे. आजोबांच्या वडिलांची बाग गेली, तिच्या जागी घरे आली. आजोबांची पाण्याची जाण मात्र शाबूत होती.

कुंपणापाशी उभे राहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पाणी किती देता?”

“रोज पंधरा मिनिटे,” मेहुणे म्हणाले.

“मी मिनिटे विचारली नाहीत. पाणी विचारले.”

यातली मेख आधी समजून घ्यायला हवी. तिकडे हिरवळीला हाताने पाणी घालत नाहीत. जमिनीखालून नळ्या घातलेल्या असतात. गॅरेजच्या भिंतीवर घड्याळाची एक पेटी असते. तिने आज्ञा केली की गवतातून फवाऱ्यांची तोंडे वर येतात आणि वेळ संपली की पुन्हा जमिनीत बुडी मारतात. घर विकत घेताना पेटी जशी लावलेली असेल तशी ती वर्षानुवर्षे चालते. मे असो, ऑक्टोबर असो, पेटीला सगळे दिवस सारखे.

आजोबांनी मोजणीची रीत सांगितली. सरळ कडांचे सहा सारखे डबे घ्यायचे, हिरवळीवर ठिकठिकाणी ठेवायचे, पंधरा मिनिटे फवारे सोडायचे आणि डब्यातले पाणी पट्टीने मोजायचे. तिकडचे लोक यासाठी माशांचे रिकामे डबे वापरतात. आमच्या शाकाहारी घरात ते कुठले असणार? पण परदेशातल्या मराठी घरात एका डब्याची कधीच वाण नसते, तो म्हणजे आमरसाचा. नऊ वर्षांच्या माझ्या भाचीने कपाटामागून आणि शेजारच्या काकूंकडून मिळून सहा डबे पैदा केले. केशर आंब्याची चित्रे ल्यालेले ते डबे गवतावर मांडले, तेव्हा एखाद्या पंगतीचा थाट दिसला.

पंधरा मिनिटांनी भाचीने पट्टी बुडवून आकडे वाचले. सुतारकामात इंचाचे आठ सूत धरतात, त्या मापाने सांगते. एका डब्यात पाच सूत, दुसऱ्यात चार, दोघांत तीन-तीन, एकात दोन आणि वाळक्या पट्ट्यातल्या डब्यात अवघा एक! म्हणजे तो पट्टा उन्हाने वाळत नव्हता, तिथे फवारा पोहोचतच नव्हता. त्या एका कोपऱ्याच्या तहानेपायी बाकीच्या हिरवळीला बुडवणे चालले होते.

सहा डब्यांची सरासरी तीन सूत. रोज तीन, म्हणजे आठवड्याला एकवीस सूत, अडीच इंचांहून जास्त पाणी. आणि त्या हवेत, मे-जूनमध्ये, त्या जातीच्या गवताला लागते किती? आठवड्याला साधारण एक इंच! हे काही आजोबांच्या मनचे नव्हते. गवतातून आणि मातीतून रोज किती पाणी हवेत उडून जाते, हे मोजणारी केंद्रे कॅलिफोर्निया राज्याने १९८२ पासून ठिकठिकाणी उभारली आहेत आणि ते आकडे कुणालाही पाहता येतात.

भाचीला मी घरचा अभ्यास म्हणून पुढचे गणित घातले. पाचशे चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे ११८० लिटर. एकवीस सुतांचे होतात ३१०० लिटर. तेव्हा दर आठवड्याला एकोणीसशे लिटर पाणी हिरवळीच्या कामी न येता वाया जात होते. आपल्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असते, तशा जवळजवळ दोन टाक्या! मेहुणे गणित पाहून म्हणाले, “म्हणूनच उपटा म्हणतो.” बहीण म्हणाली, “म्हणूनच नीट पाणी द्या म्हणते.” एकाच आकड्यातून दोघांनी आपापला निष्कर्ष काढला.

मग नीट म्हणजे कसे? आजोबांनी पंधरा दिवस, कुंपणावर हात ठेवून, ते शिकवले.

पहिली गोष्ट वेळेची. पाणी पहाटे द्यावे, सूर्य वर यायच्या आत. तेव्हा वारा पडलेला असतो, म्हणून फवारा रस्त्यावर उडत नाही, आणि ऊन नसल्याने पाणी हवेत विरत नाही. दुपारी दिले तर बरेचसे वाऱ्याला जाते. संध्याकाळी दिले तर गवताची पाती रात्रभर ओली राहून बुरशी धरतात.

दुसरी गोष्ट मातीची. त्या खोऱ्यातली माती चिकण. ती पाणी पिते, पण सावकाश, घोट घोट. सलग वीस मिनिटे फवारा सोडला तर सात-आठ मिनिटांनंतरचे पाणी मुरण्याऐवजी पदपथावरून गटाराला मिळते. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस पाणी द्यायचे, पण प्रत्येक दिवशी तीन हप्त्यांत. सात मिनिटे द्यायचे, तासभर थांबायचे, पुन्हा सात मिनिटे. तापट माणसाची समजूत काढावी तसे.

तिसरी गोष्ट मुळांची, आणि हीच खरी. रोज थोडे थोडे पाणी मिळाले की मुळे वरच्याच दोन इंचांत लोळत राहतात. खाली जायचे कारणच काय? मग एक दिवस जरी पाणी चुकले तरी गवत मान टाकते. दोन पाण्यांमध्ये माती वरून सुकू दिली की मुळे ओलीच्या शोधात खाली उतरतात. ओल कुठवर गेली हे पाहायला लांब पेचकस मातीत खुपसायचा. सहा इंच सहज गेला तर पाणी पुरेसे झाले. आणि पुन्हा पाणी केव्हा? गवतावरून चालत जा आणि मागे वळून पाहा. पाती लगेच उभी राहिली तर त्यांना काही नको आहे. पावलांचे ठसे तसेच उमटून राहिले आणि हिरव्या रंगावर निळसर राखाडी छटा आली, म्हणजे तहान लागली.

गवत कापतानाही ते तीन इंचांच्या खाली आणू नये, असे आजोबा सांगत. उंच गवत आपली सावली आपल्याच मुळांवर धरते.

हे सारे ऐकताना मला साताऱ्याकडचे आमचे मामा आठवत होते. पाणी या वस्तूभोवती मराठीने किती क्रियापदे उभी केली आहेत! अंगणात सडा घालतात, फुलांवर पाणी शिंपडतात, भिंतीच्या सिमेंटवर पाणी मारतात, गुरांना पाणी पाजतात, तुळशीला पाणी घालतात. शेतकरी मात्र पिकाला पाणी ‘देतो’. देणाऱ्याला घेणाऱ्याची भूक पाहावी लागते. आणि ती पाहण्यासाठी मामांपाशी एक शब्द होता, वाफसा. पाऊस पडल्यावर किंवा पाणी दिल्यावर वरचे पाणी मुरून जाते, मातीत ओल राहते पण चिखल राहत नाही. मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटाने टोकरला की तो फुटतो. त्या मातीत पाण्याच्या जोडीला हवाही असते, मुळांना श्वास घेता येतो. ती घडी म्हणजे वाफसा. मामा म्हणत, पाणी कुणीही देईल, वाफशाची वाट पाहणे ज्याला जमते तो शेतकरी. आजोबांना मी हा शब्द समजावून सांगितला. त्यांनी तो दोन-तीनदा घोळवला, ‘वाफ्सा, वाफ्सा’, आणि म्हणाले, “माझ्या वडिलांना हा शब्द ठाऊक असायला हवा होता. ते नुसते मातीला पाय लावून सांगायचे.”

एवढ्यावरच हा विषय संपला असता. पण एका रविवारी आजोबांनी आम्हांला गाडीतून हिंडवले, आणि पाणी किती द्यावे याच्या मागचा प्रश्न पुढे आला. ते येते कुठून?

सनीव्हेलच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा सुमारे १६० मैलांवरच्या हेच हेची नावाच्या दरीतून येतो. ही दरी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात आहे. सॅन फ्रान्सिस्को शहराला तिथे धरण हवे होते. दरीच्या सौंदर्याने वेडावलेला जॉन म्यूर हा निसर्गलेखक त्याविरुद्ध वर्षानुवर्षे झगडला. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाला परवानगी देणारा कायदा झाला आणि सुमारे वर्षभराने म्यूर वारला. १९२३ मध्ये धरण बांधून झाले, दरी बुडाली, आणि १९३४ मध्ये ते पाणी बहुतांशी उताराच्या जोरावर सगळे रान ओलांडून उपसागराच्या काठी आले. मराठी माणसाला ही सालावळ वाचून दुसरेच एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. १९२१ मध्ये आपल्याकडे मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तिथे बुडाल्या त्या माणसांच्या घरांसकट शेतजमिनी. दोन्हीकडे धरणे झालीच, आणि दोन्हीकडच्या शहरांना आपल्या भिंतीवरच्या बटणामागे किंवा नळामागे एक बुडालेली दरी आहे, याचा पुढे विसर पडला.

या पाण्याची गरज का पडली, तेही आजोबांनी दाखवले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने बागांसाठी विहिरी खोल खणल्या आणि पंपांनी पाणी उपसले. मातीखालचे चिकणीचे थर पाण्यावाचून दबत गेले, आणि सॅन होजे शहराची जमीन विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत सुमारे तेरा फूट खाली गेली! खाडीकाठचे अल्विसो हे गाव समुद्रसपाटीच्याही खाली उतरले. बाहेरून पाणी आणून आणि तलावांतून ते जमिनीत मुरवून १९७०च्या सुमारास हे खचणे थांबवले गेले, पण दबलेली जमीन पुन्हा वर आली नाही. अल्विसोच्या बंधाऱ्यावर उभे राहून आजोबा म्हणाले, “यात आमच्या बागेचाही वाटा आहे.” बाकी काही बोलले नाहीत.

एवढ्या किमतीचे पाणी, आणि तेही भरवशाचे नाही. १ एप्रिल २०१५ रोजी राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन सिएरा पर्वतात बर्फ मोजायच्या जागी जाऊन उभे राहिले. एरवी त्या दिवशी तिथे पाच फुटांहून अधिक बर्फ असतो. त्या वर्षी पायांखाली वाळके गवत होते. तिथूनच त्यांनी शहरांच्या पाण्यात पाव हिश्शाची कपात जाहीर केली. त्या उन्हाळ्यात गावोगाव लोकांनी हिरवळी वाळू दिल्या. पुढे २०२३ मध्ये तर कायदाच झाला. दुकाने, कचेऱ्या, कारखाने यांच्या आवारातली निव्वळ दिसण्यासाठी राखलेली हिरवळ पिण्याच्या पाण्यावर पोसायला त्याने २०२७ पासून टप्प्याटप्प्याने बंदी घातली. घरांच्या अंगणांना मात्र त्यातून वगळले. तिथला निवाडा ज्याच्या त्याच्यावर सोपवला.

आमच्या घरचा निवाडा त्या रविवारी रात्री झाला, आणि गंमत म्हणजे कायद्यासारखाच झाला. बहिणीने स्वतःच विचारले, “हिरवळीवर आपण बसतो किती आणि रस्त्यावरचे लोक पाहतात किती?” भाची जिथे खेळते, बहीण चहाचा कप घेऊन जिथे बसते, तो तुकडा भरला दोनशे चौरस फूट. उरलेले तीनशे फूट रस्त्यासाठी होते. दोनशे ठेवायचे आणि तीनशे काढायचे ठरले. काढलेल्या जागी मांझनिटा, सेज, पिवळी-नारिंगी पॉपी अशी त्या मातीतलीच झाडे, म्हणजे जी डोंगरावर विनातक्रार जगतात ती. ठेवलेल्या तुकड्याला आठवड्याला लागते पावणेपाचशे लिटर पाणी. पूर्वी जात होते एकतीसशे.

“डोंगरासारखे पिवळे दिसेल हो उन्हाळ्यात,” मेहुण्यांनीच आता शंका काढली. बहीण म्हणाली, “सिंहगड मार्चमध्ये पिवळाच असतो ना? आपण काय त्याला पाणी घालायला जातो?”

आता राहिली एक कोपऱ्यातली गोष्ट. तीनशे फूट खणताना फवाऱ्याने वगळलेल्या त्या वाळक्या पट्ट्यात एक काटक, पसरणारे गवत सापडले. आजोबा हबकून म्हणाले, “बर्म्युडा! मुळासकट काढा, नाहीतर तुमच्या नव्या झाडांना जगू देणार नाही.” मी वाकून पाहिले. पेरापेराला मुळे धरणारी, एका डहाळीला तीन कोवळी पाती फुटलेली ती आपली हरळी होती, दूर्वा! तिकडे जिचे नाव काढले की बागवाले कुदळ उचलतात, ती आपल्याकडे गणपतीच्या मस्तकावर चढते. आणि सबंध हिरवळीत कमीत कमी पाण्यावर जगली होती ती हीच. आजोबांचा शब्द आणि गणपतीचा मान, दोन्ही राखून तिला कुंडीत लावली.

पुण्याला परतले तेव्हा जून उलटत होता. आमच्या सोसायटीतला माळी भर दुपारी पाइप धरून उभा होता, आणि फाटकापाशी पाण्याचा टँकर आत यायची वाट पाहत होता. हे दृश्य मी पूर्वीही पाहत असे, पण आता दोन्हींमधला संबंध डोळ्यांना टोचला. सोसायटीच्या सभेत आमरसाचे सहा डबे घेऊन जायचे मी ठरवले आणि गेलेही. चेअरमनसाहेब हसले, पण पुढच्या आठवड्यापासून पाणी सकाळी सहाला सुरू झाले. वाफशापर्यंत मजल जायला अजून दोन-तीन सभा लागतील.

सप्टेंबरात गणेशचतुर्थीला भाचीचा फोन आला. “मावशी, कुंडीतून मोजून एकवीस निघाल्या!” पाणी किती देतेस म्हणून विचारले, तर म्हणाली, “आठवड्याला एक तांब्या. आधी माती दाबून बघते.”